बडीशेप तोंडात टाकण्याआधी: तोंडाच्या वासाचा माग कसा काढायचा

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला मांडीवर घेऊन बाराखडी वाचून घेत होते. दोन ओळी झाल्या आणि त्यानं मान फिरवली. “आत्या, तू तिकडं तोंड करून सांग ना. तुझ्या तोंडाला वास येतोय.” स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, “अरे, मोठ्यांना असं बोलतात का!” मी हसण्यावारी नेलं, पण बाराखडी ‘ख’वरच राहिली.

मी सहकारी बँकेत कॅशियर आहे. दिवसभर माणसांशी बोलायचं काम. मध्ये काच आहे म्हणून लोक वाचले असतील, एवढंच. त्या दिवसापासून मी सगळे करतात तेच केलं. ड्रॉवरमध्ये बडीशेपेची डबी, पर्समध्ये वेलची, दाढेखाली लवंग, आणि ‘पोट साफ नसेल’ म्हणून रात्री त्रिफळा. असे सात-आठ महिने गेले. पोट अगदी स्वच्छ झालं, वास होता तिथंच. शेवटी तो सापडला दोन जागी: जिभेच्या मुळाशी आणि दाढेवरच्या एका जुन्या कॅपच्या कडेला. दोन्ही जागा पोटापासून चांगल्या हातभर वर.

तुम्हालाही हे नुकतंच कुणी सांगितलं असेल, किंवा समोरचा बोलताना अर्धं पाऊल मागं सरकतो असं लक्षात आलं असेल, तर खालच्या क्रमानं जा. मी उलट क्रमानं गेले, म्हणून माझे आठ महिने गेले.

आधी एवढं समजून घ्या

कायम येणाऱ्या वासाचं मूळ दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत तोंडातच असतं. पोटाचा नंबर फार शेवटी लागतो. अन्ननलिका म्हणजे उघडी चिमणी नव्हे. घास गिळताना किंवा ढेकर देताना ती उघडते, एरवी मिटलेली असते. ज्यांना सतत आंबट पाणी वर येतं त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी पोटाला सोडून द्यावं.

तोंडात नेमकं होतं काय? शनिवारी ऑफिसातून आणलेला जेवणाचा डबा पिशवीतच विसरला आणि सोमवारी सकाळी उघडला, तर झाकण निघताच जो भपकारा येतो तो आठवा. तोंडातही तसंच काहीसं घडतं. जिभेच्या मागच्या भागाच्या खाचांत, दातांच्या फटींत आणि हिरडी-दाताच्या मधल्या खोबणीत हवा फारशी पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जंतू तिथं मुक्काम ठोकतात. अन्नाचे कण, तोंडातल्या झडलेल्या पेशी, नाकातून घशात उतरलेला शेंबूड आणि हिरडीतून झिरपलेलं रक्त यांतली प्रथिनं ते फोडतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे नासक्या अंड्याचा वास. मिथाइल मरकॅप्टन, म्हणजे सडक्या कोबीचा. हिरड्यांचा आजार असेल तर हा दुसरा वायू जास्त निघतो.

या सगळ्यावर देखरेख करते ती लाळ. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तोंड सतत धुऊन काढते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर जगातल्या प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो. तो दात घासून, चहा-नाश्ता करून गेला तर तुम्हाला काही झालेलं नाही. उपवासाचंही तेच. एकादशीला किंवा नवरात्रात दिवसभर काही चावलं नाही की लाळ कमी सुटते, आणि उपवास लांबला तर शरीर चरबी जाळू लागतं, त्याचा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास श्वासात उतरतो. पारणं झालं की जातो. आपल्याला शोधायचा आहे तो दुपारी चार वाजताही हटत नाही असा वास.

पायरी १: खरंच येतो का, ते तपासा

तळहाताची ओंजळ करून त्यात ‘हा’ करायचं आणि हुंगायचं, हे सगळ्यांनी केलेलं असतं. त्यातून फारसं काही कळत नाही. आपल्या नाकाला स्वतःच्या वासाची सवय होते. मासळीबाजारात बसणाऱ्या मावशींना मासळीचा वास येत नाही, तसंच हे.

त्याऐवजी स्टीलचा चमचा घ्या. दात घासून किंवा जेवून दोन-तीन तास झालेले असावेत, तोंडात लवंग-वेलची नको. चमचा पालथा धरून जिभेच्या जमेल तितक्या मागून पुढं एकदा हलकेच ओढा. चमच्यावर काय आलं ते उजेडात बघा. पाण्यासारखी लाळ असेल तर ठीक; पांढरट-पिवळट, साबुदाण्याच्या पेजेसारखं काही असेल तर माल सापडला. पाच-दहा सेकंद थांबून चार बोटं अंतरावरून हुंगा. पहिल्यांदा मी हुंगलं तेव्हा चमचा बेसिनमध्ये टाकून दिला होता. समोरच्याला येणारा वास थोडाफार असाच असतो.

दुसरी चाचणी फ्लॉसची. फ्लॉस म्हणजे मेण लावलेला बारीक दोरा, औषधाच्या दुकानात मिळतो. मागच्या दाढांच्या प्रत्येक फटीतून तो एकेकदा फिरवायचा आणि दर वेळी हुंगायचा. सगळ्या फटी सारख्या नसतात. एखादीच फट विशेष घाण वासाची निघाली आणि तिथं रक्तही आलं, तर ती उजवीकडची की डावीकडची, वरची की खालची, हे लिहून ठेवा. डॉक्टरांना एवढी चिठ्ठी पुरते.

तिसरी चाचणी सगळ्यात खरी आणि सगळ्यात अवघड: घरातल्या माणसाला विचारणं. नवऱ्याला किंवा बायकोला विचारलं तर भीड पडते, आईला विचारलं तर ती म्हणते ‘काही नाही गं’. दहा वर्षांच्या आतलं मूल सगळ्यात भरवशाचं. विचारायचंच असेल तर नीट विचारा. आधी तोंड मिटून फक्त नाकानं श्वास सोडा, त्याला हुंगू द्या. मग नाक दाबून तोंडानं सोडा. तोंडाच्या श्वासालाच वास असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. नाकाच्या श्वासाला जास्त असेल तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

पायरी २: जीभ. इथं वेळ द्या

दोनच मिनिटं मिळणार असतील तर ती जिभेला द्या, असं माझं मत आहे. दात सगळे घासतात. जीभ घासणारेही बहुतेक पुढची पुढचीच घासतात, जिथं थर नसतोच.

आमच्याकडे आजीची तांब्याची पट्टी होती, दोन्ही टोकं धरून वाकवायची. चरकसंहितेत जिभेच्या मुळाशी साचणाऱ्या मळानं दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी, असं स्पष्ट सांगितलं आहे. खरवडायचं साधन सोनं, रुपं, तांबं, कथील किंवा पितळेचं, धार नसलेलं आणि वाकडं असावं, इतका तपशील आहे. आपण तांब्याच्या पट्टीचं कौतुक ऐकलं, ‘मुळाशी’ हा शब्द मात्र सोडून दिला.

करायचं असं. आरशासमोर उभं राहून जीभ पूर्ण बाहेर काढा. टोक निसटत असेल तर स्वच्छ रुमालात धरा. पट्टी जमेल तितकी मागं टेकवा आणि श्वास बाहेर सोडत सोडत एका दमात पुढं ओढा. श्वास आत घेताना केलं तर हमखास उमळून येतं. पट्टी नळाखाली धरा, पुन्हा मागून पुढं. चार-पाच वेळा पुरे. जोर लावायचा नाही. आपण भांडं घासत नाही. रक्त आलं किंवा जीभ चुरचुरली तर जास्त झालं समजा. पहिला आठवडा मी जिभेच्या मध्यापर्यंतच पोचले, रोज थोडं थोडं मागं सरकत दहाव्या दिवशी मुळाजवळ गेले. सकाळी रिकाम्या पोटी करणं सोपं जातं. रात्री जेवून लगेच करू नका, जेवण बाहेर येईल.

एक सूचना, कारण यावरून मी एक रात्र जागून काढली आहे. अगदी मागं जिभेवर मोठे गोल फोड ओळीनं दिसतात, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात. ते प्रत्येकाला असतात, जन्मतःच. ते खरवडून काढायचे नसतात आणि तो कॅन्सरही नसतो.

पट्टी तांब्याची असो, स्टीलची असो की प्लॅस्टिकची, फरक फारसा पडत नाही. ब्रशच्या मागच्या खरखरीत बाजूनंही चालतं, पण ब्रश उंच असल्यामुळं उमळ लवकर येते.

पायरी ३: दातांच्या फटी

ब्रश दाताच्या समोरच्या, मागच्या आणि चावायच्या बाजूला पोचतो. दोन दातांच्या मधल्या भिंती कोऱ्याच राहतात, आणि सडायला अन्न तिथंच अडकतं. मेथीची काडी, आंब्याचा धागा, मटणाचा तंतू.

यासाठी आपल्याकडचे उपाय म्हणजे काडेपेटीची काडी, साडीची पिन आणि बँकेत माझ्या टेबलावरची टाचणी. तिन्ही बंद करा. त्यानं हिरडी सोलवटते आणि फट रुंद होते, मग त्यात आणखी अडकतं. फ्लॉसचा हातभर तुकडा तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये चार बोटं दोरा मोकळा ठेवा. करवतीसारखा हलवत फटीतून खाली न्या; खसकन दाबला तर हिरडी कापेल. खाली गेला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा आणि वर-खाली पुसा, मग शेजारच्या दाताला. दिवसातून एकदा, रात्री. सुरुवातीचे चार दिवस थोडं रक्त येईल, आठवड्यात थांबायला हवं. फटी मोठ्या असतील, चाळिशीनंतर बहुतेकांच्या असतात, तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसावं असा छोटा ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश म्हणतात. तो फ्लॉसपेक्षा सोपा आणि मोठ्या फटींत जास्त कामाचा.

माझी चोरी इथं पकडली गेली. उजवीकडच्या खालच्या दाढेवर सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. दोरा दर वेळी तिथंच चिरफाळून यायचा आणि वास असा, की विचारू नका. नव्या डॉक्टरांनी टोकदार अवजार कॅपच्या कडेवरून फिरवलं, ते एका जागी अडकलं. कॅपची कड दाताला चिकटून बसलेली नव्हती. नख शिरेल एवढी पायरी राहिली होती. सहा वर्षं त्या पायरीखाली रोजचं जेवण साठत होतं. आधी ज्यांनी बसवली त्यांच्याकडे मी दोनदा तक्रार घेऊन गेले होते, तेव्हा ‘नीट ब्रश करा’ एवढंच सांगितलं होतं. कॅप काढली तेव्हा त्या खोलीत आलेला वास मी अजून विसरले नाही. तात्पर्य, दोरा एकाच जागी फाटत असेल तर दोऱ्याचा ब्रँड बदलू नका, दात दाखवा.

पायरी ४: ब्रश

यावर फार बोलण्यासारखं नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, दोन मिनिटं. रात्रीचा चुकवू नका. केस वाकडे झाले की किंवा तीन महिन्यांनी ब्रश बदला. राखुंडी आणि कोळशाची पूड दाताचं वरचं आवरण घासून टाकतात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही, पण ती आतल्या बाजूंना पोचत नाही.

पायरी ५: हिरड्या

ब्रश करताना थुंकीत लाल दिसतं का? ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नका. दाताच्या मुळाशी साचलेला चिकट थर घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं, ते घरी ब्रशनं निघत नाही. त्यामुळं हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये कप्पा तयार होतो, आणि मघाशी सांगितलेल्या जंतूंसाठी याहून चांगलं घर नाही. असा वास पेस्ट बदलून जात नाही. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावायचं टाळतात, तर आणखी वाढतं.

कीटण काढण्याला स्केलिंग म्हणतात. आणि आता तो सार्वत्रिक आक्षेप: “स्केलिंग केलं की दात हलतात, फटी पडतात.” माझ्या सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं. खरं असं आहे, की कीटणाच्या ढिगानं फटी बुजलेल्या असतात आणि कमजोर दाताला त्याचाच टेकू असतो. ढीग काढला की आधीच असलेली फट उघडी पडते. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागची भेग दिसली, म्हणून भेग कॅलेंडर काढल्यामुळं पडली असं आपण म्हणत नाही. काही दिवस गार पाणी झोंबतं, ते कमी होतं.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ही पायरी पहिली धरावी. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो.

पायरी ६: कोरडं तोंड

सात तास एसीत, काउंटरवर गर्दी, पाणी प्यायचं तर टॉयलेटला जावं लागेल म्हणून प्यायचं नाही. हे माझं एकटीचं नाही. शिक्षिका, कंडक्टर, परिचारिका, सगळ्यांचं हेच रडगाणं. तोंड कोरडं, तर वास आलाच. घोट घोट पाणी प्या. जेवल्यावर खळखळून चूळ भरा. ही आपली जुनी सवय फार चांगली आहे, हॉटेलात लाजून सोडू नका. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तर लाळ सुटते.

सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, नैराश्यावरच्या गोळ्या यांनीही तोंड कोरडं पडतं. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायचं. घोरणारे आणि तोंड उघडं ठेवून झोपणारे यांच्याकडे सकाळचा वास जरा जास्तच असणार.

आता माउथवॉश. लिस्टरीन हे १८७९मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून तयार झालं. १९२०च्या दशकातल्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा डॉक्टरी शब्द घराघरांत नेला आणि तोंडाच्या वासानं लग्न जमत नाही अशी भीती घातली. मग बाटल्या खपल्या. म्हणजे ही लाज काही अंशी विकत आणलेली आहे. माउथवॉश वापरायचं तर अल्कोहोल नसलेलं घ्या, अल्कोहोलनं तोंड आणखी सुकतं. झिंक असलेलं असेल तर ते गंधकाच्या वायूंना पकडतं. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेलं माउथवॉश प्रभावी आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितले तेवढेच दिवस, सहसा दोन आठवडे. जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि वरणाची चव लागत नाही. पेस्टनं दात घासल्यावर लगेच वापरलं तर त्याचा असर कमी होतो, अर्धा तास थांबायचं.

तिळाच्या तेलाच्या गुळण्या करणारेही बरेच आहेत. करायच्या तर करा, पण जीभ आणि फटी साफ केल्यावर, त्याऐवजी नव्हे.

कांदा-लसूण: हा वेगळा पाहुणा

वडापावातली लसणाची चटणी खाल्ली आणि ब्रश केला, जीभ घासली, तरी दोन तासांनी वास आहेच. यात तुमची चूक नाही. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ आतड्यातून रक्तात जातो आणि फुप्फुसांवाटे श्वासात येतो. तोंड कितीही धुतलं तरी तो कित्येक तास येत राहणार. त्याच जेवणात दूध, दही, कच्चं सफरचंद किंवा पुदिन्याची ताजी पानं असतील तर वास कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. जेवणासोबत खाल्लेलं चांगलं. चार तासांनी खाल्लं तर उशीर झाला. ठेच्याबरोबर दह्याची वाटी ठेवणाऱ्यांनी हे कुठं वाचलं होतं कोण जाणे.

मशेरी, तंबाखू, मावा

इथं गोड बोलत नाही. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. गावाकडच्या कितीतरी बायका ती ‘दात घासायला’ म्हणून लावतात, पोरींच्या हातावरही ठेवतात. ती दंतमंजन नाही, तंबाखू आहे. लागण होते ती व्यसनाची. तंबाखू-चुना, मावा, विदर्भातला खर्रा, गुटखा या सगळ्यांनी हिरड्या खराब होतात, तोंडाची त्वचा जाड होते. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२पासून आहे; पुड्या कशा मिळतात ते टपरीवर विचारा. सुपारी चघळणाऱ्यांनी आजच एक करून बघावं: स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम असेल, तर वासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

दोन आठवड्यांनी पुन्हा चमचा

जीभ, फटी, रात्रीचा ब्रश, पाणी: हे चौदा दिवस नेमानं करा आणि मग तीच चमच्याची चाचणी घ्या. रक्त येत असेल, दात हलत असेल, अक्कलदाढेभोवती सूज असेल किंवा किडलेली दाढ दिसत असेल तर चौदा दिवस थांबू नका.

दवाखान्यात गेल्यावर ‘दात दाखवायचेत’ असं मोघम सांगू नका. “तोंडाला वास येतो, अमुक फटीत दोरा फाटतो, हिरड्यांतून रक्त येतं” असं सांगा. लाजायचं कारण नाही, ते दिवसभर तोंडातच बघत असतात. खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. तिथं हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. रांग लागते, सकाळी लवकर जा.

दंतवैद्य म्हणाले ‘तोंडात काही नाही’, तर कान-नाक-घसा. सायनसचा जुना त्रास, घशात उतरणारा शेंबूड किंवा टॉन्सिलच्या खळग्यांत बसलेले तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे, यांचाही वास येतो. हे खडे खोकताना बाहेर पडतात आणि बोटानं चिरडले तर वासानं डोकं उठतं. काडीनं टोकरून काढू नका; मीठपाण्याच्या गुळण्या करा आणि दाखवा.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर तिथं मणी, चिंचोका, हरभरा असं काहीतरी कोंबलेलं असण्याची शक्यता मोठी. घरी काढायला जाऊ नका. आणि खेळण्यातली किंवा घड्याळातली गोल बॅटरी असल्याचा संशय असेल तर तासभरही थांबू नका.

मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या, खूप तहान, जोरजोरात श्वास, असं दिसलं तर ते तोंडाच्या वासाचं प्रकरण नाही. लगेच हॉस्पिटल गाठा. श्वासाला अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंडाची तपासणी लागते.

काही जणांना वास नसतोच, पण येतोय अशी खात्री असते. तोंडावर हात धरून बोलतात, लिफ्टमध्ये चढत नाहीत, समोरच्यानं नाक खाजवलं तरी आपल्यामुळंच म्हणतात. दोन डॉक्टर आणि घरची दोन माणसं ‘नाही’ म्हणाली असतील आणि तरी मन मानत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. ही भीती खरी असते आणि तिच्यावर उपाय आहे.

दुसऱ्याला सांगायचं कसं

चारचौघांत नाही, फोनवर नाही, आणि टोमणा मारून तर नाहीच. टेबलावर गुपचूप पुदिन्याच्या गोळ्या ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे. एकट्यात, एका वाक्यात, आणि वासाऐवजी उपायाकडे बोट दाखवून.

माझ्या चुलत सासऱ्यांना, आम्ही तात्या म्हणतो, कवळी आहे. जवळ बसलं की वास यायचा. घरात सगळ्यांना माहीत, सांगणार कोण? शेवटी एका दुपारी चहा देताना मीच म्हणाले, “तात्या, एक विचारू का? रागावू नका.”

“विचार की.”

“रात्री कवळी काढून झोपता का?”

“न्हाई. काढली तर सकाळी सापडत न्हाई.”

मग त्यांना सांगितलं: रात्री कवळी काढायची, मऊ ब्रश आणि साध्या साबणानं घासायची, उकळतं पाणी अजिबात नाही, वेडीवाकडी होते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. तात्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, “मग एवढं दिस बोलली का न्हाईस?”

सापडत नाही यावर उपाय म्हणून अर्धा किलो श्रीखंडाचा झाकणाचा डबा दिला. आठवडाभरात फरक पडला. फक्त दसऱ्याला पाहुण्यांच्या पोरानं फ्रिजशेजारचा तो डबा आनंदानं उघडला, आणि त्यानंतर डब्यावर मार्करनं ‘तात्या’ असं लिहून ठेवलंय.